शाळेत मानसशास्त्रज्ञ व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतून पदवीनंतरची वाट कशी निवडावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बी. ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: स्कूल सायकॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट कुठे मिळतं? उत्तर थोडं हिरमोड करणारं आहे. भारतात त्या नावाचा परवानाच नाही. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ज्या १६ प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी करते त्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुनर्वास मानसशास्त्रज्ञ आहे, विशेष शिक्षक आहे. शालेय मानसशास्त्रज्ञ मात्र नाही. त्यामुळे 'सर्टिफाइड स्कूल सायकॉलॉजिस्ट, तीन महिन्यांत, घरबसल्या' अशी जाहिरात दिसली, तर ते सर्टिफिकेट फक्त त्या संस्थेचं असतं. त्याच्यामागे कुठलाही कायदा उभा नसतो.

म्हणून कोर्सची नावं जरा बाजूला ठेवा. आधी हे ठरवा की शाळेत बसून तुम्हाला कोणत्या कागदावर सही करायची आहे. वाट त्यावरून ठरते.

पहिली पायरी: सही कोणती?

शाळेतलं मानसशास्त्राचं काम ढोबळपणे तीन थरांत चालतं. पहिला थर समुपदेशनाचा. परीक्षेची भीती, मैत्रीतली भांडणं, घरातला ताण, दहावीनंतर काय करायचं, वर्गात कुणी सतत चिडवतं. इथे मुलांशी, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलायचं आणि नोंदी ठेवायच्या. दुसरा थर मूल्यमापनाचा. वाचनात मागे पडणाऱ्या किंवा वर्गात एका जागी बसू न शकणाऱ्या मुलाच्या चाचण्या घ्यायच्या, आकडे काढायचे, अहवाल लिहायचा आणि वर्गात काय बदल करावा ते सांगायचं. तिसरा थर निदानाचा आणि प्रमाणपत्राचा, आणि नवख्यांचा गोंधळ होतो तो इथेच. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलतींसाठी राज्य मंडळाला चालणारं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र शाळेतला मानसशास्त्रज्ञ देत नाही. ते सरकारने नेमलेल्या रुग्णालयांतून मिळतं. सायन आणि नायर रुग्णालयांतले एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) क्लिनिक मुंबई परिसरातल्या पालकांना ठाऊक असतात. तुमचा अहवाल त्या फाइलमध्ये आधार म्हणून जाईल, पण शेवटचा शिक्का तुमचा नसेल. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेला दोन महिने उरलेले असताना भांडण होतं.

पहिल्या थरासाठी समुपदेशनाचं चांगलं प्रशिक्षण असलेली एम. ए. पुरते. दुसऱ्या थरासाठी चाचण्यांचा भरपूर सराव आणि देखरेख हवी. तिसऱ्या थरात उभं राहायचं तर आरसीआयची नोंदणी आणि रुग्णालय, असा वेगळाच मार्ग धरावा लागतो.

दुसरी पायरी: नोकरी देणारे काय मागतात ते बघा

सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. पात्रता म्हणून मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातली पदव्युत्तर पदवी, किंवा कोणतीही पदवी आणि जोडीला करिअर मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा, असे पर्याय दिले होते. म्हणजे कागदोपत्री उंबरठा फार उंच नाही. मग २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था लावावी, असं त्यांत आहे. घोडबंदर रोड, ऐरोली, खारघर या पट्ट्यातल्या शाळांची दाटी पाहिली तर काम कुठे असेल याचा अंदाज येतो.

मात्र उंबरठा खाली आहे म्हणून नुसत्या पदवीवर थांबू नका. बी. ए. झालेल्या उमेदवाराला शाळा घेते, तेव्हा बऱ्याचदा जीवनकौशल्यांचे तास आणि शिक्षक न आलेले वर्ग सांभाळायला घेते.

तिसरी पायरी: वाटा

पहिली आणि बहुतेकांना साजेशी वाट म्हणजे दोन वर्षांची पूर्णवेळ एम. ए., समुपदेशन किंवा क्लिनिकल शाखेतली. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्याला आहे आणि तो १९५९ पासूनचा आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राची एम. ए. आहे, तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून जातो. मुलींसाठी एसएनडीटीचाही पर्याय आहे. पनवेलच्या पुढे भाताणला अ‍ॅमिटीसारखं खासगी विद्यापीठ आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी केलेल्यांसाठी नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची सोय आहे. वेळ वाचतो हे खरं, पण प्रत्यक्ष कामाचे तासही आक्रसतात. शाळेत काम करायचं असेल तर दोन वर्षांचा कोर्स बरा.

इथे एक मोठा बदल लक्षात ठेवा. पूर्वी वाणिज्य किंवा विज्ञानाचे पदवीधर नोकरी सांभाळत दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम. ए. करायचे. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्र आल्यामुळे यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली. अजूनही कुणी 'ऑनलाइन एम. ए. सायकॉलॉजी'चे फॉर्म भरून घेत असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्या विषयाचं नाव तपासा.

दुसरी वाट आरसीआयची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे आणि त्यासाठी आरसीआयमान्य प्रशिक्षण लागतं. आजवर त्याचा राजमार्ग म्हणजे दोन वर्षांची एम. फिल. यूजीसीने २०२२ मध्ये एम. फिल. बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजीला मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत आणलं, आणि आता आरसीआयमान्य नवे पदव्युत्तर कोर्स तिची जागा घेत आहेत. फसगत नेमकी इथे होते. विद्यापीठाची 'एम. ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' आणि आरसीआयने मान्य केलेली 'एम. ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' यांची नावं सारखी असू शकतात, पण हक्क सारखे नसतात. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही; ती त्या कोर्सला आणि ठरावीक वर्षांसाठी असते. म्हणून आरसीआयच्या यादीत संस्था, कोर्स आणि तुमचं प्रवेशवर्ष, तिन्ही जुळतात का ते बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आरसीआयचा लोगो पुरावा धरू नका. नोंदणी झाली की सीआरआर, म्हणजे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला क्रमांक मिळतो. तो दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि त्यासाठी मान्य कार्यशाळांमधून १०० गुण जमवावे लागतात.

तिसरी वाट शिक्षकांसाठी. बी. एड. होऊन शाळेत शिकवत असाल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. त्यात सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने आपल्या गावात इंटर्नशिप असते. हा कोर्स प्रादेशिक शिक्षण संस्थांमधून चालतो. महाराष्ट्र भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतो, त्यामुळे त्या तीन महिन्यांच्या रजेचं शाळेशी आधीच लेखी ठरवून घ्या. या वाटेने पहिल्या थरातलं काम उत्तम जमतं. बुद्धिमापन चाचण्यांचे अहवाल लिहायची तयारी मात्र त्यातून होत नाही.

आणि तुमचा खरा ओढा वाचायला-लिहायला शिकवण्याकडेच असेल, तर मानसशास्त्राचा हट्ट सोडून बी. एड. विशेष शिक्षण करा. आरसीआयची नोंदणीही मिळते आणि मुलांसोबतचा वेळही सगळ्यात जास्त मिळतो.

चौथी पायरी: माहितीपत्रक नाही, वेळापत्रक मागा

दोन कोर्समधला फरक विषयांच्या यादीत सापडत नाही, कारण यादी सगळीकडे जवळपास सारखीच असते. तो सापडतो प्रत्यक्ष कामाच्या तासांत. विभागात जाऊन, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून, पुढच्या गोष्टी विचारा.

प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष सरावाचं काम, कुठे होतं आणि जागा कोण शोधतं? 'विद्यार्थी स्वतः शोधतात' असं उत्तर आलं तर सावध व्हा. त्याचा अर्थ संस्थेचा शाळांशी करार नाही, आणि करार नसला की शाळा तुम्हाला मुलांसोबत एकटं बसू देत नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसून निरीक्षणवही भरत राहता. सुपरव्हायझर आठवड्यातून किती वेळ देतो आणि एकामागे किती विद्यार्थी असतात? दर आठवड्याला निदान एक तास, आणि तोही तुमच्या स्वतःच्या केसबद्दल, मिळायला हवा. तीस जणांच्या वर्गात 'केस डिस्कशन' होतं, पण त्याला सुपरव्हिजन म्हणता येत नाही. पूर्ण अहवाल किती लिहून घेतात? चाचणी वर्गमित्रावर घेतली की खऱ्या मुलावर? चाचणीचे संच किती आहेत आणि ते कपाटातून बाहेर येतात का? हा शेवटचा प्रश्न खवचट वाटेल, पण विचाराच. संच महाग असतात आणि तुटतील-हरवतील म्हणून कुलपात ठेवलेले सर्रास सापडतात.

पहिल्या वर्षात मुलांशी काहीच प्रत्यक्ष काम नसेल, तर नाव कितीही मोठं असो, शाळेत काम करू पाहणाऱ्याने तो कोर्स घेऊ नये.

प्रवासाचंही गणित मांडा. वाशी-नेरुळहून देवनारला जायचं तर हार्बरने गोवंडी सरळ आहे. ठाण्याहून कलिना म्हणजे कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. सकाळी शाळेत प्रॅक्टिकम आणि दुपारी वर्ग असा दिवस असेल तर त्या दोन जागांमधलं अंतर फीपेक्षा महत्त्वाचं ठरतं. उशिरा पोचणाऱ्या विद्यार्थ्याला शाळा केस देत नाही, आणि मग तास भरत नाहीत.

प्रवेशाआधी काम जवळून बघायचं असेल तर खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. ठाण्याहून पनवेल लोकलने सरळ जाता येतं. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. अशा ठिकाणी स्वयंसेवक किंवा निरीक्षक म्हणून काही करता येईल का, ते पत्र देऊन विचारा. काही आठवडे बघितल्यावर हे काम आपलं नाही असं वाटलं, तरी दोन वर्षं वाचतात.

पाचवी पायरी: चाचण्या, आणि त्या कुठे चुकतात

एम. ए. संपताना बिने-कामत, मिसिक आणि रेव्हनची रंगीत मॅट्रिसेस या बुद्धिमापन चाचण्या, वाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन अक्षमता बॅटरी (चाचण्यांचा संच), एवढ्या चाचण्या हातात बसलेल्या हव्यात. नुसत्या माहीत असून भागत नाही. बिने-कामतमध्ये आधी पायाचं वय शोधायचं, म्हणजे ज्या वयोगटातले सगळे प्रश्न मूल सोडवतं ते, आणि मग सगळे चुकेपर्यंत वर जायचं. नवखी माणसं घाईत खालचे प्रश्न 'येत असणारच' म्हणून सोडतात आणि पाया चुकीचा धरतात. मग पुढचं सगळं गणित बिघडतं. मिसिकचे निकष अनेक दशकांपूर्वीचे आहेत. जुन्या निकषांवर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो, त्यामुळे अहवालात फक्त बुद्ध्यंक लिहून थांबू नका. निम्हान्स बॅटरीचा पहिला टप्पा ५ ते ७ वर्षांसाठी आणि दुसरा ८ ते १२ वर्षांसाठी आहे. नववीतल्या मुलावर ती वापरून 'अडचण नाही' असं लिहिलेले अहवाल फिरत असतात. चौदा वर्षांच्या मुलाला लहान इयत्तांचा उतारा वाचता आला, यावरून त्याला नववीचं पुस्तक झेपतं असं ठरत नाही.

आपल्या भागात भाषेचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि कोर्समध्ये त्यावर सगळ्यात कमी वेळ जातो. घरी आगरी किंवा मराठी बोलणारं, शाळेत इंग्रजी माध्यमात बसलेलं, ट्यूशनला हिंदीतून शिकणारं मूल समोर येतं. त्याची इंग्रजी वाचनाची चाचणी घेतली आणि आकडा खाली आला, तर ती अध्ययन अक्षमता की इंग्रजीचा पुरेसा सहवास नसणं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. दोन्ही भाषांत तपासावं लागतं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली ही वाचन अक्षमतेची (डिस्लेक्सियाची) चाचणी मराठीतही आहे, ती शिकून घ्या. मराठी लेखनात काय बघायचं तेही माहीत हवं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चांगलं लिहिणारी मुलंही करतात, त्यावरून काही ठरवू नये. पण तिसरी-चौथीतही जोडाक्षर आलं की मूल अडखळत असेल, रफार आणि रकार यांत सतत घोळ घालत असेल, काना-मात्रा गाळत असेल, आणि हे वहीत महिनोन्महिने तसंच दिसत असेल, तर पुढे तपासायला हवं. आठ वर्षांच्या आत मात्र निदानाची घाई करू नका. तोवर मदत सुरू करा आणि नोंद ठेवा.

चाचणीच्या आधी चष्मा आणि ऐकणं तपासलंय का, हे विचारायला विसरू नका. मूल रात्री नीट झोपलंय का, नाश्ता झालाय का, हेही विचारा. बुद्धिमापन एका बैठकीत तास-दीड तास घेतं; वाचन-लेखनाची बॅटरी दुसऱ्या दिवशी घ्या. सकाळच्या सत्रातल्या मुलाला शाळा सुटल्यावर बसवून दोन्ही उरकली की शेवटच्या तासातले आकडे थकव्याचे असतात. आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी शाळेने आणली, तर नम्रपणे नकार द्या. तिला शास्त्रीय आधार नाही.

सहावी पायरी: परदेशाचा विचार असेल तर

'सर्टिफाइड स्कूल सायकॉलॉजिस्ट' हा शब्द मुळात अमेरिकेतला. तिथे ही खरोखरच स्वतंत्र पदवी आणि स्वतंत्र परवाना आहे. साधारण तीन वर्षांचा स्पेशालिस्ट पातळीचा कोर्स, बहुतेक ठिकाणी त्याला एड. एस. म्हणतात, किमान ६० सेमिस्टर क्रेडिट आणि शेवटी १,२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले किमान ६०० तास शाळेत. त्यानंतर प्रॅक्सिस या परीक्षामालिकेतली ५४०३ क्रमांकाची परीक्षा. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एनसीएसपीसाठी, १५५ गुण लागतात. शाळेत काम करायचा परवाना मात्र राज्य देतं आणि प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या असतात. डॉक्टरेट केली तर विद्यापीठात शिकवणं आणि स्वतंत्र प्रॅक्टिस सोपी होते, पण शाळेतल्या नोकरीसाठी ती लागत नाही.

आपली एम. ए. तिथे काही क्रेडिटपुरती धरली जाईल, पूर्ण कोर्सच्या जागी नाही. म्हणून परदेशच गाठायचं असेल तर इथे एम. ए. करून पुन्हा तिथे तीन वर्षं घालवायची की पदवीनंतर थेट जायचं, हे आधी ठरवा. कोर्सला एनएएसपी या तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता आहे का, इंटर्नशिप पगारी असते का, आणि परदेशी विद्यार्थ्यांना शाळांनी पुढे नोकरीसाठी व्हिसा दिल्याची उदाहरणं आहेत का, हे प्रवेश विभागाला ईमेलवर विचारा. शेवटच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर कर्ज काढण्याआधी थांबा. इंग्लंडमध्ये 'एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट' हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. तिथे तीन वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी लागते.

इथून जाणार असाल तर एम. ए.च्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवा. पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो आणि जुनी प्रत काढायला परीक्षा भवनाच्या चकरा होतात.

सातवी पायरी: नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी

कोर्स चालू असल्यापासूनच एक नोंदवही ठेवा: तारीख, तास, कामाचा प्रकार, मुलाचं वय आणि इयत्ता, सुपरव्हायझरची सही. मुलाचं नाव, शाळेचा रोल नंबर, सोसायटीचं नाव यांतलं काहीही लिहायचं नाही. सह्या त्याच महिन्यात घ्या. सुपरव्हायझर नोकरी बदलतात आणि मग ते तास सिद्ध करता येत नाहीत.

मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचारा. दार बंद होणारी खोली आहे का? स्टाफरूमच्या कोपऱ्यातलं टेबल चालणार नाही. तिथे एकही मूल तोंड उघडत नाही. ऑफ तासाला वर्गावर पाठवणार का? पाठवणार असतील तर आठवड्याला किती, ते पत्रात लिहून घ्या. ज्या बाईंनी सकाळी वर्गात आवाज चढवला, त्यांच्याकडे दुपारी मूल रडायला येत नाही. आणि मुलांच्या नोंदी कोण बघू शकतं? मुख्याध्यापकांना सुरक्षिततेपुरती माहिती आणि वर्गात काय करायचं ते कळायला हवं, संपूर्ण वही नाही. हे नियुक्तीच्या दिवशी ठरलं तर सोपं जातं, पहिल्या कठीण प्रकरणात ठरवायला गेलात तर नाही.

गोपनीयतेची हद्द कुठे संपते तेही पाठ हवं. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. 'आधी संस्थाचालकांना विचारू' म्हणून हे टाळता येत नाही. मुलाला पहिल्या भेटीतच सांगावं: तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक खोलीच्या दारावर मराठीत लावा. जवळच्या बालमनोविकारतज्ज्ञाचा आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक, आणि रात्री संपर्क करायचा झाल्यास शाळेतल्या कोणाला करायचा त्याचं नाव, हे पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांकडून लेखी घेऊन ठेवा.